कबुतराचं पीस आणि चिमणीची पेटी

माझा नवरा मेल्यावर कबुतर झाला, असं मी नऊ वर्षं मानत होते. वाचून हसू आलं तर हसा. मलाही येतं, पण हसलं की खोकला येतो, म्हणून आताशा मी हसू पुरवून पुरवून वापरते.

झालं असं, की ह्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तासभर आम्ही घाटावर उन्हात उभे. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दादाचं काही राहिलंय का?" मी मनातल्या मनात सगळं कबूल करून टाकलं. मंदारची काळजी घेईन, गावच्या देवीला जाईन, तुमच्या बहिणीशी बोलेन. ते शेवटचं ह्यांना खोटं वाटलं असणार. कावळे भिंतीवर बसून नुसते बघत राहिले. तेवढ्यात एक कबुतर उतरलं, तुरुतुरु आलं आणि भाताची दोन शितं उचलून गेलं. गुरुजी म्हणाले, "हे चालत नाही." शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही घरी आलो. घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. बघते तर स्वयंपाकघराच्या ग्रिलवर एक कबुतर. आमटीत मीठ कमी पडलं की हे जशी मान तिरकी करून बघायचे, तसंच बघत होतं.

झालं. मी त्याला भात घातला.

तेव्हा मी साठीची होते. म्हणजे आत्ताच्या मानाने तरुण, आणि तरुण बाईइतकीच मूर्ख. तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. नुसत्या आवाजावरून माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय ते ओळखायचे. त्या बाईला एका कबुतराने गुंडाळलं. मी त्याला "अहो" म्हणायचे. भातावरून ज्वारीवर आले. तिसऱ्या आठवड्यात 'अहो' एक बाई घेऊन आले. मग एसीच्या मागे चार काड्या टाकून अंडी. ह्या वयात ह्यांना हे सुचतंय, म्हणून मी दोन दिवस ज्वारी बंद केली, तिसऱ्या दिवशी कीव आली. वर्षभरात ग्रिलवर पंधरा-वीस 'अहो' घुमायला लागले. त्यांची घाण सुकली की मी रोज सकाळी कोरड्या केरसुणीने झाडायचे. नाकाला पदर? छे. आपल्याच माणसाचं कसलं आलंय.

पुण्याला हॉस्टेलवर असलेली माझी नात म्हणाली, "आजी, हे सगळं लिहून काढ, तुझ्यासारखी अजून माणसं असतील." तिला म्हटलं, माझ्यासारखी नसतील गं. पण ग्रिलवर येऊन बसणारं कुणीतरी घरोघर असतं. म्हणून लिहितेय. एक सांगून ठेवते, बरं झाल्यावर लिहितात तसलं हे नाही. मी बरी झालेली नाही आणि होणारही नाही.

बाळंतविडा

मंदार माझा एकुलता एक. त्याची बायको गौरी. ती रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून राष्ट्रीय उद्यानात पक्षी बघायला जाते. तिचं आणि माझ्या कबुतरांचं कधी जमलं नाही. "आई, तुमच्या ह्या वऱ्हाडामुळे चिमण्या फिरकत नाहीत इकडे," ती म्हणायची. मी म्हणायचे, "येऊ देत की. मी कुणाला नको म्हटलंय?"

मग एकदा ती लाकडाची एक पेटी घेऊन आली. वर उघडणारं झाकण, पुढे गोल भोक. कबुतराचं डोकं जाईल, पोट जाणार नाही एवढंच. मंदारने ती स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, छज्ज्याखाली भिंतीला ठोकली. महिना गेला, कुणी फिरकलं नाही. मला वाटलं, रिकाम्या घरात कोण नांदायला येईल? गौरी ऑफिसला गेल्यावर मी स्टुलावर चढले. वय सदुसष्ट. ग्रिलच्या दारातून हात घालून झाकण उघडलं आणि आत ह्यांच्या धोतराचा मऊ तुकडा, नातीच्या दुपट्याची कड, मूठभर कापूस आणि वाटीत तांदूळ ठेवले. बाळंतविडाच म्हणा ना.

दोन दिवसांनी चिमणा आला. भोकाच्या तोंडाशी बसून सकाळभर ओरडला, जागा मिळाली, जागा मिळाली. चिमणी आली, आत गेली, बाहेर आली ती चोचीत कापूस घेऊन. खाली टाकला. परत आत. चिमणा दारात बसून तारीफ करतोय आणि ही आतून एकेक सामान बाहेर फेकतेय. धोतर भोकात अडकलं तर पाय रोवून ओढलंन. वाटी काही तिला हलवता आली नाही. मग दोघं उडून गेली ती गेलीच.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या दोरीवर पडलेला तुकडा घेऊन आल्या. गौरीने तो माझ्यासमोर धरला.

"आई, हे कुणाचं?"

"मला काय माहीत."

"आई."

"तिला ऊब मिळावी म्हणून गं."

"तिचं घर तिला मांडू दे ना. तिथेपण सासू लागते का?"

आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर ती मला पहिल्यांदा असं बोलली होती. पेटी रिकामी केल्यावर तीच जोडी परतली की दुसरी, गौरीला कळलं असेल, मला नाही. पण त्या वर्षी दोनदा पिल्लं उडाली. गौरीने एक वही केली. काडी कधी आणली, अंडी किती, पिल्लं कधी ओरडायला लागली. दुपारची नोंद माझ्याकडे असायची. तिच्या मोत्यासारख्या अक्षरांखाली माझे कोंबडीचे पाय.

पक्षी आहेत का घरी?

खोकला वर्षभर होता. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली होती, त्यामुळे सगळ्यांनी धुळीवर ढकललं, मीही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन जिने चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांच्या कुंड्यांचं कौतुक करायला लागले. आयुष्यात कुणाचं केलं नाही एवढं कौतुक त्या वर्षी मी तुळशी-कोरफडीचं केलं. खरं तर दम लागायचा. एका दिवशी पहिल्याच मजल्यावर बसले आणि उठता येईना.

छातीच्या डॉक्टर तरुण होत्या, नातीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. स्कॅन बघता बघता त्यांनी विचारलं, "आजी, घरी पक्षी आहेत का?"

"नाहीत."

गौरीने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे पिंजऱ्यात नाहीत," मी म्हटलं.

"खिडकीत?"

"येतात कधीमधी."

"कोण येतं?"

इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज ओळखले, त्या दिवशी स्वतःचा ओळखला. "कबुतरं."

"कधीपासून?"

"हे गेल्यापासून."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. फुप्फुसाचा खालचा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झाला होता. इतकी वर्षं विष्ठेची आणि पिसांची धूळ आत गेली, छातीने तिच्याशी भांडण काढलं, त्या भांडणाचे हे व्रण. "हे परत पहिल्यासारखं होत नाही," त्या म्हणाल्या. "उरलंय तेवढं सांभाळायचं. घरात, खिडकीत एक पीस नको. कुठल्याच पक्ष्याचं."

"चिमणी चालेल?"

"आजी, मी पथ्याची भाजी सांगत नाहीये."

रिक्षात मी रडले नाही. मनातल्या मनात ह्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. जिवंतपणी छातीवर बसलात ते बसलात, मेल्यावरही उठला नाहीत. मग आठवलं की हे बिचारे कुठेही असतील, कबुतरात नव्हते. नऊ वर्षं मी कुणाशी बोलत होते? रोग कळला त्यापेक्षा ते जास्त लागलं. त्या दिवशी ह्यांचं खरं दहावं झालं म्हणा.

गौरीने माझा हात धरून ठेवला होता. "मी सांगत होते" असं ती म्हणाली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

जाळी

दुसऱ्याच दिवशी मंदारने जाळीवाले बोलावले. कमरेला दोर बांधून दोन माणसं खिडक्यांबाहेर लोंबकळली आणि सगळं घर नायलॉनच्या जाळीत बसवून गेली. एसीमागचं, ग्रिलवरचं सगळं ओलं करून खरवडलं. माझी कापसाची गादी गेली, गोधड्या गेल्या, उशा गेल्या. माझ्या खोलीतून एकेक वस्तू बाहेर जात होती आणि मला ती चिमणी आठवत होती. फरक एवढाच, की इथे मी चिमणी नव्हते, धोतराचा तुकडा होते.

कबुतरं आली, जाळीला धडकली, समोरच्या पाइपवर जाऊन बसली. एकाने मान तिरकी केली. मी तोंड फिरवलं. अख्ख्या संसारात जमलं नव्हतं ते.

राहिली पेटी. ती जाळीच्या बाहेर होती आणि नेमकं त्याच आठवड्यात चिमण्यांनी बांधायला घेतलं होतं. मी बंद काचेमागून बघायचे. पायपुसण्याचा काथ्या, झाडूची हिरं, वाळकं गवत. मग आतलं अस्तर. चिमणी आपल्या अंगाहून मोठं करडं पीस घेऊन आली. ते भोकात आडवं अडकलं. खाली पडलं. ती खाली गेली, घेऊन आली, पुन्हा आडवं. चौथ्यांदा तिने ते देठाकडून धरलं आणि सुर्रकन आत ओढलं. पीस कबुतराचंच होतं. माझ्या जिवावर उठलेलं पीस तिला अंडी ठेवायला हवं होतं.

मंदार मागे उभा होता. "आई, ही पेटीपण काढतो."

"चार आठवडे थांब. पिल्लं उडाली की काढ."

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? चिमणीसाठी मरणार आहेस का तू?"

"मरणार तर आहेच रे. निदान कुणासाठी ते मला ठरवू दे."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग माझ्या गळ्याची शपथ घे, पिल्लं उडेस्तोवर हात लावणार नाहीस."

हे शस्त्र माझ्याकडे जुनं होतं. सातवीत असताना माझी गळ्याशपथ मोडून तो गच्चीवर पतंग उडवायला गेला आणि त्याच आठवड्यात मला कावीळ झाली. योगायोग. पण तसं मी त्याला कधी सांगितलं नाही, कामाला येत होतं ना. आता पन्नाशीला टेकलेला माणूस, कंपनीत हाताखाली तीसजण, पण शपथ म्हटली की अजून सातवीतला होतो. त्याने दोन बोटांनी माझ्या गळ्याची कातडी धरली आणि म्हणाला, "शप्पथ."

गौरी दारात उभी होती, हातात वही.

दावं

मग ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. आधी चालताना, मग बसतानाही. नळी लांबलचक आहे, पण दाराशी पोचत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बरोबर पोचते. गाय दावणीला बांधतात तशी मी त्या नळीच्या टोकाशी उभी राहायचे आणि पेटीकडे बघायचे.

जे कुणी लिहीत नाही ते लिहिते. खोकताना लघवी होते. गोळ्यांनी चेहरा टम्म पुरीसारखा फुगतो आणि भूक अशी लागते की सुनेच्या ताटातली पोळी डोळ्यांत येते. आंघोळ स्टुलावर बसून, सून घालते. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते, जसं काही त्याने तिला कमी दिसणार होतं. वाक्य पुरं करता येत नाही. जिचं आयुष्य आवाजावर गेलं, ती आता चार शब्दांनी थांबते आणि समोरचा माणूस दयेने पाचवा शब्द घालतो. बहुतेक वेळा चुकीचा.

आणि एक. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या रोज वाटायचं, डोळे उघडूच नयेत. हे मंदारला सांगितलं नाही, गौरीला सांगितलं नाही. लोक म्हणतात मन घट्ट ठेवा. घट्ट ठेवायला आत हवा लागते.

त्या दिवसांत मला दुसऱ्या दिवशीचं कुतूहल वाटावं असं एकच होतं. अंडी घातली का?

खाट क्रमांक बारा

ताप आला आणि बोटावरच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा घसरत गेला. इमारतीतल्या चौघांनी मला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. कुंड्यांजवळून जाताना कौतुक करायचं राहिलं.

अकरा दिवस. सहाला चहा, साडेसहाला रक्त, मग ताप, मग आकडा. आकड्यावरून नर्सच्या भुवया वाचायला मी दोन दिवसांत शिकले. शेजारच्या खाटेवर कणकवलीकडच्या एक आजी होत्या. माझी नवरा-कबुतराची कथा ऐकून म्हणाल्या, "बाये, घोवान काय कमी छळल्यान म्हणून परत खाऊक घातलंस?" तोंडावर मास्क असताना हसणं म्हणजे बुडणं. नर्स धावत आली. त्यांना साधा न्यूमोनिया होता. पाचव्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. मला त्यांच्या न्यूमोनियाचा इतका हेवा वाटला, की मी त्यांना धड निरोपही दिला नाही. आता वाईट वाटतं.

गौरी रोज दुपारी यायची. मी मास्क बाजूला करून एकच विचारायचे.

"एक," पहिल्या दिवशी तिने बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी चार बोटं दाखवून म्हणाली, "आता बसलीय. उठत नाही."

सातव्या दिवशी पडद्यापलीकडे डॉक्टर मंदार-गौरीशी बोलत होत्या. हळू बोलत होत्या, पण माझे कान एक्स्चेंजचे. "घरी न्यायचं असेल तर घर पूर्ण स्वच्छ पाहिजे. असा आणखी एक झटका त्यांना झेपणार नाही."

त्यानंतर मी विचारलं की गौरी म्हणायची, "ठीक आहे." बोटं दाखवायची नाही. मला वाटलं, दमली असेल.

दोन भोकं

घरी आले, नळी लावली आणि पहिली खिडकीशी गेले. भिंतीवर स्क्रूची दोन भोकं होती, आत निळं प्लास्टिक. त्यावर जाळी ताणून बसवलेली.

चिमणी आली. जाळीला लटकली, पेटी होती तिथे तोंड करून. उडाली, परत आली, परत लटकली. चोचीत काही नव्हतं. चिमणा पाइपवरून ओरडत होता. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी तिच्या चोचीत गवताची काडी होती. ती काडी घेऊन ती त्या दोन भोकांसमोर पंख फडफडवत राहिली आणि मग काडी टाकून गेली. परत आली नाही.

मंदार ऑफिसमधून आला तेव्हा मी म्हटलं, "गळ्याची शपथ होती."

त्याने बूट काढले, जागेवर ठेवले. "हो," म्हणाला.

"तेवढंच? हो?"

त्याने डबा ओट्यावर ठेवला.

मग मी बोलले. श्वास पुरेना, तरी थांबून थांबून सगळं बोलले. "मोडलीस ना. आता मी गेले तर ते तुझ्यावर. जन्मभर ठेव लक्षात." दुखतं कुठे ते मला ठाऊक होतं, तो सातवीत असताना मीच तिथे बोट ठेवून ठेवलं होतं. तो आत गेला. चार दिवस आम्ही बोललो नाही. तो ओट्याशी उभं राहून जेवायचा, दाढी करायचा नाही, आणि ऑफिसमधून दर तासाला गौरीला फोन करून माझा आकडा विचारायचा. मला ऐकू यायचं. मला बरं वाटायचं. आजारी माणूस किती दुष्ट होऊ शकतो, तेही कुणी लिहीत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी गौरी मशीनच्या बाटलीत पाणी भरत होती. माझ्याकडे तिची पाठ होती. बाटली भरली, झाकण लावलं, बुडबुडे येतात का बघितलं. मग टेबलाच्या खणातून ती वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. शेवटच्या पानावर 'चार' लिहिलेलं, पुढे कोरं. ती खाटेच्या कडेला बसली, माझ्या नाकाशी वाकडी झालेली नळी सरळ केली, आणि म्हणाली,

"आई, मंदारला बोलू नका. शपथ त्याने घेतली होती, मी नव्हती घेतली. पेटी मी उतरवली. चार अंडी होती, आई. गरम होती."